टिडलीविकी शिकवायचंय, धडे कशात बनवू? व्हिडिओ, पीडीएफ की विकीतच

घरातल्या कोणालातरी टिडलीविकी शिकवायचंय पण धडे कशात बनवायचे तेच ठरत नाहीये, अशांसाठी लिहितेय. मी तिन्ही प्रकार करून बघितलेत. शिकणारे दोघं, एक गिरगावातली मावशी, रिटायर्ड शिक्षिका, रेसिपींच्या तीन जाड वह्या आहेत तिच्याकडे, आणि दुसरा मुलुंडचा भाचा, बारावीला, त्याला बायोच्या नोट्स एकमेकींना जोडायच्या होत्या. माझं मत आधीच सांगून टाकते, धडे विकीतच करा, व्हिडिओ फक्त दोन-तीन जागी वापरा आणि पीडीएफ जवळजवळ सोडूनच द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन, टिडलीविकी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदी लिहायची, ब्राउझरमध्ये उघडणारी वही, ती जेरेमी रस्टन या ब्रिटिश माणसाने 2004 साली काढली, फुकट आहे, आणि सगळी विकी म्हणजे एकच एचटीएमएल फाइल, रिकामी असताना दोन-अडीच एमबीची. आतल्या प्रत्येक नोंदीला टिडलर म्हणतात. इंग्रजीत टिडलर म्हणजे बारकासा मासा, म्हणून मी मावशीला पहिल्याच दिवशी सांगितलं की एका टिडलरमध्ये एक मांदेली बसली पाहिजे, अख्खी सुरमई नाही. उकडीचे मोदक वेगळे, सारण वेगळं, उकड काढायची रीत वेगळी. नोंदी छोट्या ठेवायच्या हे तिला तिथल्या तिथे कळलं.

आता पीडीएफ. मला वाटलं होतं मावशीला कागद हातात असला की बरं पडेल, म्हणून 12 पानांचं छापून नेलं, आणि दुसऱ्याच पानावर गाडी अडली. टिडलीविकीत अक्षरं ठळक करायला शब्दाच्या आधी दोन आणि नंतर दोन सिंगल कोट द्यावे लागतात, आणि कागदावर दोन सिंगल कोट आणि एक डबल कोट अगदी सारखे दिसतात. ती बिचारी डबल कोट देत बसली, काहीच ठळक होईना, आणि तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय. चूक माझ्या कागदाची होती. तोच धडा विकीत असेल तर पेन्सिलच्या बटणावर क्लिक केलं की नेमकं काय टाइप केलंय ते उघडं दिसतं, तिथून कॉपी करा, स्वतःच्या टिडलरमध्ये टाका, झालं. कॉम्प्युटरवर तर दोन विकी शेजारी शेजारी उघडून धड्यातला नमुन्याचा टिडलर ओढून आपल्या विकीत सोडताही येतो.

व्हिडिओचं तसं नाही, त्याला जागा आहे. ओढून सोडणं, पेन्सिल कुठे, लिहून झाल्यावर दाबायचा टिकमार्क कुठे, हाताच्या हालचाली बघूनच कळतात. पण दीड मिनिटाच्या वर गेलात की संपलं, भाचा म्हणाला, "आत्या, मी लोकलमध्ये आवाज बंद करूनच बघतो गं," म्हणजे माझं अर्धं बोलणं वायाच. आणि एक वाक्य बदलायचं तरी परत रेकॉर्डिंग, परत एडिटिंग. विकीत मी सेव्ह करायची रीत एकाच टिडलरमध्ये लिहिली आणि पाच धड्यांत तोच टिडलर आत घेऊन दाखवला, त्यामुळे काही बदललं तर एका जागी दुरुस्त केलं की पाचही धडे दुरुस्त.

सेव्हबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण नवखा माणूस इथेच सोडून जातो. ब्राउझरमध्ये साधी फाइल उघडून सेव्ह केलं की बहुतेक वेळा नवी कॉपी डाउनलोड्समध्ये पडते, मग त्याच नावापुढे कंसात 1, कंसात 2 अशी रांग लागते. माझ्या पहिल्या आराखड्यात सेव्ह सातव्या धड्यात होतं. मावशीने तोवर 14 रेसिपी लिहिल्या, दुसऱ्या दिवशी जुनीच फाइल उघडली आणि मला फोन, "अगं सगळं गेलं." गेलं नव्हतं, डाउनलोड्समध्ये होतं, पण तिच्या आवाजातली ती भीती मला फार लागली. आता सेव्ह हाच पहिला धडा, एक ओळ लिहा, सेव्ह करा, फाइल बंद करा, परत उघडा, ओळ दिसली तरच पुढे. कॉम्प्युटरवर टिडलीडेस्कटॉप (टिडलीविकी उघडायचं वेगळं ॲप) टाकून दिलंत तर त्याच फाइलमध्ये सेव्ह होतं, कॉप्यांची रांगच नाही. आणि सेव्ह करायचं राहिलं असलं की बाजूचं सेव्हचं बटण लाल होतं, त्यावर मावशी म्हणाली, "लाल झालं की मला वाटतं काहीतरी बिघडलं." आम्हाला सवय असते म्हणून हे सुचत नाही, पण धड्यात लिहाच, लाल म्हणजे बिघाड नाही, लाल म्हणजे सेव्ह बाकी आहे.

मराठीत धडे करताना अजून एक. इंग्रजी धड्यांत लहान-मोठी अक्षरं जोडून शब्द लिहिला की आपोआप लिंक होते असं शिकवतात, ते देवनागरीत चालणारच नाही, आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत. त्यामुळे लिंक म्हणजे दोन चौकोनी कंस, शब्द, परत दोन कंस, हे एकच शिकवा. जिथे टिडलर अजून लिहिलेला नाही ती लिंक तिरपी दिसते, ती मुद्दाम धड्यात ठेवा, भाच्याने 'मायटोकॉन्ड्रिया' तिरपं दिसलं म्हणून क्लिक केलं आणि पेन्सिल दाबून स्वतःच ती नोंद लिहून टाकली, मी काही सांगायच्या आधी. फिल्टर, मॅक्रो वगैरे पुढच्या, अवघड गोष्टी पहिल्या पाच धड्यांत अजिबात आणू नका.

शिकणाऱ्याकडे फक्त मोबाइल असेल तर मात्र थांबा. फोनच्या ब्राउझरमध्ये सेव्ह करणं नवख्यासाठी कटकटीचं आहे, आणि चौकोनी कंसही कीबोर्डवर आत कुठेतरी लपलेले असतात. अशा माणसाला मी ऑब्सिडियन हे नोट्सचं ॲप देईन, त्याचं मोबाइल ॲप आहे, साध्या मजकुराच्या फाइली फोनमध्येच राहतात, आणि लिंक तिथेही दोन चौकोनी कंसांचीच असल्यामुळे लिंकचा धडा जवळपास तसाच चालतो. फक्त ठळक अक्षरांचं बदलून घ्या, तिथे कोटऐवजी दोन-दोन तारका (**).