नव्या शहराच्या कारभाऱ्यांचा पगार: जॉर्जियाची पद्धत घ्यावी की कॅलिफोर्नियाची?

अमेरिकेत तुम्ही राहता ती वस्ती काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या) कारभारातून बाहेर पडून स्वतंत्र शहर होऊ पाहत असेल, तर महापौर आणि कौन्सिल सदस्यांच्या पगाराचा विषय पहिल्या दोन-तीन बैठकांतच तापतो. सगळा वाद 'किती द्यायचे' यावर होतो. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: हा आकडा पुढे कोण वाढवू शकतं, आणि वाढ कोणाच्या खिशात जाते?

जॉर्जियात आकडा थेट शहराच्या चार्टरमध्ये, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमावलीत असतो. चार्टर राज्याचं विधिमंडळ मंजूर करतं, मग लोक मतदान करतात. म्हणजे शहर हवं की नको हे ठरवतानाच पगार समोर असतो. 1 डिसेंबर 2005 ला सुरू झालेल्या सँडी स्प्रिंग्जने महापौराला वर्षाला 25,000 डॉलर आणि सदस्याला 12,000 ठेवले. 2008 मध्ये डनवुडीने 16,000 आणि 12,000 धरले, आणि 2012 मध्ये शेजारच्या ब्रुकहेवननेही तेच. शेजाऱ्याचा आकडा उचलला की समितीतली भांडणं वाचतात, हेही खरं.

पगारवाढ कौन्सिल स्वतः ठरवू शकतं, पण आधी सलग तीन आठवडे जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि वाढ लागू होते ती पुढच्या निवडणुकीत निवडून आलेल्यांनी पदभार घेतल्यावर. वाढ लागू होण्याआधी मधे एक निवडणूक व्हावी, असा हा सरळ हिशेब.

उणीव एकच, पण मोठी. वर्षाला 12,000 डॉलरमध्ये अटलांटाच्या उपनगरात घरभाडंही निघत नाही. मग निवृत्त माणसं, धंदेवाले किंवा घरात दुसरा पगार असलेलेच उभे राहतात. सँडी स्प्रिंग्जच्या पहिल्या महापौर इव्हा गॅलाम्बोस अर्थतज्ज्ञ होत्या, आणि पद घेतलं तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. त्या पगारासाठी आल्या नव्हत्या हे उघड आहे. पण दोन मुलं शाळेत असलेली तिशीतली नर्स आली असती का?

कॅलिफोर्नियात स्वतःचं चार्टर नसलेल्या शहरांसाठी राज्याने लोकसंख्येनुसार कमाल मर्यादा ठरवली आहे. 35,000 पर्यंत वस्ती असेल तर सदस्याला पूर्वी महिना 300 डॉलर मिळायचे; 1 जानेवारी 2024 पासून मर्यादा 950 झाली. 1 जुलै 2024 ला शहर झालेलं माउंटन हाउस याच गटात बसतं. पाच जणांचं कौन्सिल पूर्ण मर्यादेवर गेलं तरी वर्षाला 57,000 डॉलर, म्हणजे एका अनुभवी कारकुनाच्या पगाराइतके. त्यावर वाद घालत रात्री अकरापर्यंत सभा चालवण्यात अर्थ नाही.

इथेही चालू मुदतीत स्वतःची वाढ घेता येत नाही, पण मुदती आलटून-पालटून संपत असतील तर एकाची नवी मुदत सुरू होताच वाढ सगळ्यांना लागू करता येते. या बाबतीत जॉर्जियाचा नियमही जास्त घट्ट नाही.

राज्याच्या मर्यादेतून निसटलं की काय होतं ते बेलमध्ये दिसलं. लॉस एंजेलिसजवळचं छोटं, गरीब शहर. 2005 मध्ये एकूण चारशेहून कमी मतं पडलेल्या विशेष निवडणुकीत ते चार्टर शहर झालं. 2010 मध्ये बातमी फुटली तेव्हा सिटी मॅनेजर (शहराने नेमलेले मुख्य प्रशासक) रॉबर्ट रिझो यांचा वार्षिक पगार होता 7,87,637 डॉलर, आणि बहुतेक सदस्य वर्षाला लाखभर डॉलरच्या आसपास घेत होते. त्यातला मोठा वाटा वेगवेगळ्या मंडळांच्या नावाने यायचा, आणि त्या मंडळांच्या सभा मिनिटांत आटपायच्या किंवा व्हायच्याच नाहीत. रिझो यांना 2014 मध्ये बारा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा 'इतर समित्यांवरील भत्ता' असं कलम मसुद्यात दिसलं, तर तिथेच थांबा.

आपल्याकडचा अनुभव इथे फारसा कामी येत नाही. पनवेल महापालिका 2016 मध्ये झाली, पण नगरसेवकांचं मानधन राज्य सरकार महापालिकेच्या वर्गानुसार ठरवतं आणि आयुक्तही राज्यच नेमतं. अमेरिकेत सिटी मॅनेजरचा पगार तुमचं कौन्सिल कराराने ठरवतं, आणि खरा पैसा तिथे आहे.

कर्मचाऱ्यांचा पगार टाळण्याची युक्तीही सँडी स्प्रिंग्जने करून पाहिली: पोलीस आणि अग्निशमन सोडून जवळपास सगळं काम सीएचटूएम हिल या कंपनीला दिलं. सुरुवातीला ते सोयीचं होतं. 2019 मध्ये मात्र खर्च वाचवायला शहराने बहुतेक माणसं स्वतःच्या नोकरीत घेतली.

मला मत द्यायचं असतं तर जॉर्जियाची चौकट घेतली असती: आकडा चार्टरमध्ये, वाढ पुढच्या निवडणुकीनंतर. फक्त सदस्याचा आकडा 12,000 च्या बराच वर ठेवला असता. आणि कॅलिफोर्नियाने बेलनंतर आणलेला नियम मसुद्यात घातला असता: सिटी मॅनेजरचा पगार नियमित सभेतच मंजूर करायचा, घाईच्या विशेष सभेत नाही, आणि मतदानाआधी त्याचा सारांश सभेत तोंडी सांगायचा.