पीएस५ वरचा फोर्झा होरायझन ५: मावसभावाचा एक टोमणा कमी झाला

माझ्याकडे सोनीचा गेमिंग कन्सोल पीएस५ (प्लेस्टेशन ५), नाशिकच्या मावसभावाकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस. तीन दिवाळ्या फराळाच्या ताटावर आमचं एकच भांडण. तो म्हणायचा, "दादा, तुझ्याकडे फोर्झा नाही." मी म्हणायचो, "तुझ्याकडे ग्रॅन टुरिस्मो नाही." दोन्ही गाड्यांच्या शर्यतीचे गेम, पहिला मायक्रोसॉफ्टचा, दुसरा सोनीचा. २९ एप्रिल २०२५ ला मायक्रोसॉफ्टनेच फोर्झा होरायझन ५ पीएस५ वर आणला आणि त्याच्या हातातलं निम्मं हत्यार गेलं.

गेम नोव्हेंबर २०२१ चा, म्हणजे मला साडेतीन वर्षांचं शिळं मिळालं. पण कढी शिळी असली तरी चव उतरलेली नाही. सुरुवातीलाच मालवाहू विमानातून फोर्ड ब्रॉन्को थेट ज्वालामुखीवर उतरते आणि मेक्सिको पायाखाली पसरतो. तिथल्या ग्वानाह्वातो शहराच्या रंगीत घरांमधल्या बोळांतून रात्री गाडी काढताना मला आमच्या पेठांची आठवण झाली, फक्त समोरून उलट्या दिशेने स्कूटर येत नाही. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये लायसन्सच्या परीक्षा देता देता घाम फुटतो. इथे शेतात गाडी घातली, कुंपण उडवलं, निवडुंग आडवे केले, तरी वर पॉइंट मिळतात! ऑफिसातून दमून आल्यावर मला हेच हवं असतं.

पीएस५ ची आवृत्ती करण्यात पॅनिक बटन या स्टुडिओचा हात आहे आणि काम चोख झालंय. मी सेकंदाला ६० फ्रेम्सवालाच मोड ठेवला, म्हणजे चित्र गुळगुळीत हलतं. ब्रेक दाबताना ड्युअलसेन्सचा, म्हणजे पीएस५ च्या कंट्रोलरचा ट्रिगर बोटाला विरोध करतो, कच्च्या रस्त्यावर तळव्यांना खडी जाणवते. यासाठी तरी मावसभावाने एकदा माझ्याकडे येऊन खेळावं असं मी म्हणत होतो.

मे महिन्यात आला. स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने आत शिरला, तर पुन्हा तेच विमान, तोच ज्वालामुखी. एक्सबॉक्सवर इतक्या वर्षांत जमवलेल्या गाड्या तिकडेच, कारण सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, इकडे येत नाही. बिचारा पाच मिनिटं गप्प होता. गेम कुंपण ओलांडून आला, त्याचं गॅरेज मात्र पलीकडेच राहिलं.

मायक्रोसॉफ्ट अकाउंट पीएस५ वरही सक्तीचं आहे. माझं कॉलेजच्या काळातलं होतं, पासवर्ड आठवेना, अर्धा तास त्यात गेला. तो दोष माझाच. पण गेम डिस्कवर विकायला आणलेला नाही, फक्त डाउनलोड, हे मात्र मला खरंच खुपलं. आमच्यासारखे लोक गेम संपवतात, दुकानात देतात, वर थोडे पैसे घालून दुसरा आणतात. निम्मा छंद त्यावर चालतो. हा एकदा घेतला की घेतलाच, म्हणून सेल लागेपर्यंत थांबलात तर मी नावं ठेवणार नाही.

आणि हा व्यवहार दोन्हीकडून सारखा नाही. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये हाय-फाय रश, सी ऑफ थीव्ह्ज असे चार गेम दुसऱ्यांच्या कन्सोलवर देऊन सुरुवात केली. सोनीने आपला हेलडायव्हर्स २ हा गेम एक्सबॉक्सवर दिला तो ऑगस्ट २०२५ मध्ये. ग्रॅन टुरिस्मो मात्र अजून घरातच. त्यामुळे दिवाळीत माझा टोमणा शाबूत आहे.

पाचपैकी चार. एक गुण डिस्क आणि सेव्ह, दोघांनी मिळून खाल्ला.

क्रॉस-प्लेसाठी, म्हणजे दोन वेगळ्या कन्सोलवरून एकत्र खेळायला, मला पीएस प्लस हे सोनीचं सबस्क्रिप्शन लागतं, त्याला त्याच्या बाजूचं. पण रात्री अकराला पोरं झोपली की आम्ही फोन स्पीकरवर टाकून एकत्र निघतो. नकाशा त्याला पाठ, मला नाही. तो ओरडतो, "दादा, डावीकडे, डावीकडे!" आणि तोवर मी झाडात.