आई न पाहता घेतलेले पिल्लू

आमच्या वरूड तालुक्यात संत्र्याच्या बागेला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा उपद्रव कायमचाच असल्यामुळे, जागलीला सोबत म्हणून गेल्या पावसाळ्यात मी मोबाइलवरील जाहिरात पाहून जर्मन शेफर्डचे पिल्लू बारा हजार रुपयांना घेतले. गोऱ्हा घ्यायचा असला तर बाजारात दात, खूर आणि चाल पाहिल्याशिवाय मी इसार देत नाही. येथे मात्र फोटोवर भुलून तीन हजार रुपये आधीच पाठवून मोकळा झालो.

पिल्लाची आई पाहायला येतो, असे मी म्हटले होते. त्यावर विक्रेता म्हणाला, "कायले येता भाऊ एवढ्या दूर? मीच बसस्थानकावर आणून देतो." हे मला त्याचे सौजन्य वाटले. वंशावळीचे कागद हवे असतील तर पाच हजार जास्त पडतील, असेही तो म्हणाला, तेव्हा तरी मी सावध व्हायला हवे होते. भोके पाडलेल्या खोक्यात पिल्लू निपचित बसले होते आणि त्याला मी गुणी समजलो. वय पन्नास दिवस, लसी झालेल्या, असे सांगून त्याने एक कार्ड हातात ठेवले, पैसे मोजले आणि तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी पिल्लाने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या आणि रात्री रक्ताची, अतिशय दुर्गंधीची हगवण लागली. तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांनी तोंड उघडून पाहिले, तर दुधाच्या दाढा पुरत्या फुटलेल्याच नव्हत्या. पिल्लू जेमतेम महिन्याचे होते. कार्डावर सही होती, पण पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक नव्हता आणि लसीच्या कुपीवरची चिकटपट्टीही नव्हती. आजार पार्वोचा, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणाऱ्या विषाणूच्या संसर्गाचा निघाला. संसर्गानंतर लक्षणे दिसायला काही दिवस जातात, म्हणजे तो तिकडूनच आला होता. सलाइन लावूनही पाचव्या दिवशी पिल्लू गेले.

केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, प्रजनन करणाऱ्याला राज्य पशु कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि कुत्रीला वर्षात एकाहून अधिक वेळा व्यायला लावता येत नाही, हे मला डॉक्टरसाहेबांकडून नंतर कळले. आई दाखवायची तर तिला ठेवलेली जागाही दाखवावी लागली असती, आणि बसस्थानकाचा आग्रह त्यासाठीच होता, असे आता मला वाटते. विक्रेत्याचा फोन बंद झाला. रागाच्या भरात मी त्याच्याशी झालेले सगळे संभाषण पुसून टाकले आणि तक्रारीसाठी हातात पुरावाच उरला नाही. ही चूक कोणी करू नये.

पार्वोचा विषाणू जागेत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही, म्हणून घराच्या अंगणात दुसरे पिल्लू आणले नाही. हिवाळ्यात मामेभावाच्या वावरातली गावठी कुत्री व्याली. पिल्ले पाहायला गेलो तर तिने मला धुऱ्यावरच अडवले, भाऊ येईपर्यंत पाऊल पुढे टाकू दिले नाही. ती अंगाने भरलेली होती, पिल्ले तिच्यामागे धडपडत होती. मामेभाऊ म्हणाला, "आताच ने ना, दूध तं सुटलं त्याचं." पिल्लाला दोन महिने पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी होते, पहिली लस तिथेच, आईजवळ असताना टोचून घेतली आणि ते दिवस भरल्यावरच मी त्याला बागेतल्या झोपडीवर आणले.