सँड प्लांटमध्ये मॉडबस टीसीपी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतील आमच्या फाउंड्रीत गेल्या जूनमध्ये सँड प्लांटच्या (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागाच्या) पॅनेलमध्ये इथरनेटवर चालणारा एक फील्डबस कंट्रोलर (यंत्रांचे सिग्नल वाचणारा आणि त्यांना आदेश देणारा नियंत्रक) बसवला, आणि फर्नेसच्या कूलिंगच्या पाण्याचे तापमान दाखवणारे दोन जुने इंडिकेटर, ज्यांना फक्त आरएस-४८५ची (जुन्या पद्धतीची, तारांवरची सिरियल) जोडणी आहे, ते एका गेटवेमार्फत (दोन प्रकारच्या जोडण्यांमधील दुभाषी उपकरणामार्फत) त्याच नेटवर्कवर आणले. मेंटेनन्स विभागातील संगणक या दोन्हींशी मॉडबस टीसीपीने, म्हणजे यंत्रांकडून आकडे मागण्याच्या आणि त्यांना देण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, बोलतो. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे सहा महिने या व्यवस्थेवर काढल्यावर हा अनुभव लिहीत आहे. उपकरणांची नावे मुद्दाम देत नाही, कारण आलेल्या अडचणी कोणत्याही कंपनीचे उपकरण घेतले तरी येऊ शकतात.

मॉडबस १९७९ साली मोडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकासाठी) आणला आणि पुढे तोच इथरनेटवर चालू लागला. त्याचे मला सर्वांत पटलेले वैशिष्ट्य म्हणजे त्यात काहीही लपलेले नाही. पोर्ट ५०२, पुढे सात बाइटांचे शीर्ष, मग काय करायचे ते सांगणारा फंक्शन कोड, मग पत्ता आणि संख्या, एवढाच मामला. पहिल्याच आठवड्यात वायरशार्क (नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारा प्रोग्राम) लावून एकेक विनंती आणि तिचे उत्तर डोळ्यांनी वाचता आले, आणि चूक संगणकाकडे आहे की पॅनेलमध्ये, हा वाद दहा मिनिटांत मिटला.

सुरुवातीचा त्रास पत्त्यांचा झाला. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेले रजिस्टर (उपकरणातील आकडा ठेवण्याची जागा) तारेवर ० या पत्त्याने मागावे लागते. हे एकदा अंगवळणी पडले की संपते. दशांश आकड्यांचे मात्र तसे नाही. रजिस्टर १६ बिटांचे असल्यामुळे ३२ बिटांचा दशांश आकडा दोन रजिस्टरांत विभागला जातो, आणि त्यांतील कोणते आधी पाठवायचे हे प्रत्येक उत्पादक आपापल्या सोयीने ठरवतो. आमच्या इंडिकेटरवर ३६.५ अंश दिसत होते आणि संगणकावर ०.००. कच्चे आकडे पाहिले तेव्हा पहिल्या रजिस्टरमध्ये ० आणि दुसऱ्यात १६९१४ निघाले. हे दोन उलट क्रमाने जोडताच बरोबर ३६.५ आले. तेव्हापासून नवे उपकरण जोडताना मी आधी त्याच्या समोर उभा राहून दिसणारा आकडा वहीत लिहून घेतो आणि मगच संगणकाकडे वळतो.

ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला बसलो ती ऑगस्टमध्ये घडली. दुसऱ्या पाळीत फर्नेसवरचा ऑपरेटर येऊन म्हणाला, "साहेब, पायपाला हात लावला तर पाणी लई गरम लागतंय, पण तुमच्या पडद्यावर छत्तीसच हाय." जाऊन पाहिले तर पॅनेलमधील आरएस-४८५ची एक तार टर्मिनलमधून सैल होऊन निसटली होती, आणि गेटवे शेवटचा वाचलेला आकडाच प्रत्येक विनंतीला निमूटपणे देत होते. त्याच्याकडून एकही एरर आली नव्हती. फर्नेसची तापमानाची आणि प्रवाहाची ट्रिप (मर्यादा ओलांडताच फर्नेस आपोआप बंद करणारी व्यवस्था) स्वतंत्र तारांनी जोडलेली असल्यामुळे धोका नव्हता; ती ट्रिप नेटवर्कवर न नेण्याचा आमचा निर्णय किती योग्य होता हे मात्र त्या रात्री समजले. पडदा बंद पडला असता तर कोणीतरी लगेच धावले असते. चालू पडद्यावर शिळा आकडा असेल तर माणूस त्यावर विश्वास ठेवून बसतो.

दोष गेटवेच्या सेटिंगमध्ये होता. गेटवे स्वतःच इंडिकेटर वाचून आकडे स्मृतीत ठेवत होते आणि आमच्या विनंतीला त्या स्मृतीतून उत्तर देत होते. आम्ही ते थेट पद्धतीवर आणले. आता विनंती इंडिकेटरपर्यंत जाते आणि तिकडून उत्तर न आल्यास गेटवे अपवाद कोड ११ परत करते. याची किंमत वेगात मोजावी लागते. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) एका बाइटला ११ बिट धरले तर चाळीस रजिस्टर एकत्र मागायला सुमारे ०.१२ सेकंद लागतो, आणि तीच एकेक करून मागितली तर इंडिकेटरचा उत्तराचा वेळ न धरताही जवळपास एक सेकंद जातो. म्हणून सलग पत्ते एकाच विनंतीत वाचायचे. एका विनंतीत १२५ रजिस्टरांपर्यंत मुभा आहे. कंट्रोलरच्या प्रोग्राममध्ये दर सेकंदाला एकाने वाढणारा गणकही ठेवला आहे. तीन सेकंदांत तो हलला नाही तर पडद्यावरचे आकडे राखाडी होतात आणि वर "माहिती जुनी आहे" असे येते.

याचीच दुसरी बाजू आउटपुटची. संगणक बंद पडला तर कन्व्हेयरला दिलेला चालू राहण्याचा आदेश कंट्रोलर तसाच धरून ठेवतो, आणि आमच्या कंट्रोलरमधील वॉचडॉग (ठरलेल्या वेळेत संपर्क न झाल्यास आउटपुट बंद करणारी सोय) उत्पादकाच्या कारखान्यातून येताना बंदच होता. तो दोन सेकंदांवर लावला आणि सुपरवायझरसमोर केबल उपसून दाखवली, पट्टा थांबला. ही चाचणी आता दर महिन्याच्या तपासणीत आहे.

वीज एका क्षणापुरती गेली की संगणकाचा प्रोग्राम पुन्हा सुरू होऊन नवी जोडणी उघडायचा, पण जुन्या अर्धवट जोडण्या कंट्रोलरमध्ये पडून राहायच्या आणि काही वेळाने जागा संपून तो नवी जोडणीच नाकारायचा. एकच जोडणी कायम ठेवून आणि निष्क्रिय जोडणी तोडण्याची मुदत लावून हे थांबले. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आणि फर्नेसचा विद्युत गोंगाट, ही दोन्ही कारणे धरून त्या बाजूला फायबर टाकले. आजवर तिथे एकही तक्रार नाही. उलट सँड प्लांटच्या पॅनेलमधील साध्या प्लगवर पावसाळ्याच्या दमटपणात हिरवी पुटे चढली आणि नेटवर्कवरची माहितीची पाकिटे मध्येच गळू लागली. तिथे रबरी सील असलेले औद्योगिक प्लग लावले.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. मूळ मॉडबस टीसीपीत पासवर्ड नाही. नेटवर्कवर असलेला कोणीही रजिस्टर लिहू शकतो. काम सोपे व्हावे म्हणून राउटरवर पोर्ट ५०२ बाहेर उघडून देण्याची सूचना बसवणाऱ्यांनी केली होती, ती मी मान्य केली नाही. यंत्रांचे नेटवर्क कार्यालयापासून वेगळे आहे आणि दोन्हींना जोडणारा तो एकच संगणक आहे.

पैसे पुन्हा खर्चायचे झाले तर कंट्रोलर हाच घेईन. गेटवे मात्र, थेट पद्धत आहे का आणि इंडिकेटर गप्प झाल्यावर ते काय उत्तर देते, हे विकत घेण्याआधी टेबलावर तार काढून पाहिल्याशिवाय घेणार नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फर्नेसचे इंडिकेटर याच पद्धतीने जोडायचे आहेत. त्यांच्या रजिस्टरांची यादी, शब्दक्रमासह (दोन रजिस्टरांपैकी कोणते आधी येते त्यासह), लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून लावून ठेवली आहे.