टॅलिस्कर १० आणि जिभेवरचा समुद्र

सिंगल माल्टमधली, म्हणजे एकाच भट्टीत (डिस्टिलरीत) मोड आणलेल्या जवापासून बनलेल्या व्हिस्कीतली, समुद्राची चव ओळखायला शिकायचं असेल, तर टॅलिस्कर थोडी लांबवा आणि आधी ओल्ड पल्टनी १२ घ्या. स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाला असलेल्या विक गावची ही माल्ट पीटच्या (जव सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या) धुराशिवाय बनते, त्यामुळे खारटपणा झाकणारं काही नसतं. ४० टक्के अल्कोहोल, सुरुवातीला मध आणि हिरवं सफरचंद. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांवर बारीक खारटपणा रेंगाळतो. ही खूण एकदा पटली की टॅलिस्कर उघडा.

स्काय बेटावरच्या कार्बोस्टमध्ये ही डिस्टिलरी १८३० पासून आहे. दहा वर्षं मुरलेली ही व्हिस्की ४५.८ टक्क्यांची असते. ट्युलिपच्या आकाराच्या ग्लासात २० मिली ओता आणि दहा मिनिटं हात लावू नका. वास काठावरून, तोंड किंचित उघडं ठेवून घ्या. नाक आत खुपसलं की अल्कोहोल झोंबतं आणि पुढचं काही कळत नाही. आधी धूर येतो, त्यामागून ओल्या दोरखंडाचा आणि शिंपल्यांचा वास. घोट दहा सेकंद तोंडात घोळवा: गोडी, मग खारट, आणि गिळताना घशाशी काळ्या मिरीचा जोरदार ठसका. या ठसक्यासाठीच ही बाटली घ्यावी. मग अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली पाणी घाला. अल्कोहोल ४१ टक्क्यांच्या आसपास उतरतं, मिरी नरमते आणि खारटपणा पुढे येतो. बर्फ नको, थंडीने वासच दबतो.

आता मिठाबद्दल. मीठ वाफेबरोबर वर चढत नाही, त्यामुळे ते डिस्टिलेशनमधून येणं शक्य नाही. खारी हवा पिंपात मुरते, हे सांगायला छान वाटतं. पण टॅलिस्करची बरीचशी पिंपं बेटावर नाही, मुख्य भूमीवर मुरतात. समुद्राचा भास बराचसा पीटच्या धुरातल्या फिनॉल नावाच्या रसायनांमुळे होतो: ग्वायाकॉलचा धुरकट वास, क्रेसॉलचा दवाखान्यासारखा. ओल्ड पल्टनीत मात्र पीट नसूनही खारटपणा लागतो, आणि मला ती त्यासाठीच जास्त आवडते.

आयला बेटावरची धुराने भरलेली लाफ्रॉइग व्हिस्की शेवटी ठेवा, कारण तिच्यानंतर जीभ तासभर दुसरं काही ओळखत नाही. आणि खारे शेंगदाणे टेबलावर नकोतच. जिभेवरचं मीठ त्यांचं असतं आणि श्रेय व्हिस्कीला जातं.