लहान मुलाला फोटोग्राफी शिकवायची: जुना डीएसएलआर की मिररलेस?

खेळण्यातला कॅमेरा नको, फोन तर नकोच, शिकवायचं तर खऱ्या कॅमेऱ्यावर, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल तर उरतो हा प्रश्न. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा. मी दोन्ही माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन पाहिले.

डीएसएलआरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पकड भक्कम असते, आणि जुना असल्यामुळे आपटला तरी आपला जीव फार वरखाली होत नाही. बॅटरीत तर तो सरळ जिंकतो. निकॉन डी३५०० एका चार्जवर १,५५० फोटो काढतो असं कंपनी सांगते. छोट्या मिररलेसचा आकडा बहुधा तीन-चारशेच्या घरात असतो. त्यातून मुलं कॅमेरा कधी बंद करत नाहीत, ते वेगळंच.

माझं घोडं अडलं ते व्ह्यूफाइंडरपाशी, म्हणजे डोळा लावून बघायच्या छोट्या खिडकीपाशी. एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवणं बऱ्याच लहान मुलांना जमत नाही. आमची मुलगी डावा डोळा तळहाताने झाकायची. मग लेन्सखालचा आधार जायचा, कॅमेरा कलंडायचा आणि ती सावरेपर्यंत मांजर पसार. बरं, मागच्या स्क्रीनवर बघून काढ म्हणावं, तर त्यासाठी आतला आरसा वर गेला की पटकन फोकस करणारी यंत्रणाच बाद होते आणि लेन्स मागेपुढे चाचपडत बसते. "मी दाबलंय, तरी निघत नाही!" यावर काय सांगणार? कॅननच्या ७०डीपासून (२०१३) आलेल्या ड्युअल पिक्सेलवाल्या (आरसा वर असतानाही सेन्सरवरूनच पटकन फोकस करणाऱ्या) डीएसएलआरमध्ये हा त्रास फारसा नाही, हेही खरं. तुमच्या कपाटात तसला एखादा असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

मिररलेसवर स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर यांच्या फोकसच्या वेगात मला तरी फरक जाणवला नाही. स्क्रीन उघडून मुलगी कॅमेरा पोटाशी धरते, दोन्ही हातांनी. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनचा डायल फिरवला की चित्र डोळ्यांदेखत उजळतं किंवा काळवंडतं, त्यामुळे मला फारसं बोलावंच लागत नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये हा फरक दिसत नाही. फोटो आधी काढावा आणि मग चुकला कुठे ते बघावं, त्यातूनच विचार करायची सवय लागते, असं म्हणणारे आहेत. मोठ्या मुलांच्या बाबतीत त्यांचं बरोबरही असेल. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) शिकवताना मात्र दोघांत डावंउजवं नाही: झोका १/१५ सेकंदाला आणि मग १/५०० सेकंदाला टिपायचा, दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे.

मिररलेसचीही एक कटकट आहेच. डोळा जवळ आलाय का ते ओळखणाऱ्या, व्ह्यूफाइंडरजवळच्या सेन्सरसमोर बोट किंवा पट्टा आला की स्क्रीन काळी होते आणि कॅमेरा बिघडला म्हणून रडारड सुरू होते. मेनूत जाऊन 'फक्त स्क्रीन' करून टाका, प्रश्न मिटतो. लेन्स काढायला मात्र सक्त मनाई हवी. बहुतेक मिररलेसमध्ये लेन्स काढली की फोटो टिपणारा आतला सेन्सर उघडाच.

मूल दहा-अकराचं असेल तर जुना डीएसएलआर खुशाल द्या, वाचलेल्या पैशांत ३५ एमएम एफ/१.८ लेन्स येईल. त्याहून लहान असेल तर आधी त्याला एक डोळा मिटायला सांगून बघा. नाही जमलं तर मी सेकंडहँड, पण उघडणाऱ्या स्क्रीनचा मिररलेस शोधेन. लेन्स सोबत मिळणारी किटचीच पुरे.