सिग्नल अडवणारा पाऊच: नऊ महिन्यांनी एका घडीने दगा दिला

दोन्ही हातांत पिशव्या, चावी पाऊचमध्ये, पाऊच खिशात. पिशवी सावरताना बोटं गाडीच्या हँडलला लागली आणि गाडी उघडली. आरसे बाहेर आले, दिवे लुकलुकले, अगदी अदबीने स्वागत झालं. एरवी बरं वाटलं असतं, पण चावी पाऊचच्या आत होती आणि फ्लॅप घट्ट बंद होता, मी दोनदा बघितला. म्हणजे गाडीने ढिम्म राहायला हवं होतं. ज्या वस्तूला चावीला गप्प बसवायचं एवढं एकच काम दिलंय ती काम सोडून बसली होती, आणि कधीपासून ते देव जाणे. मागच्या दोन महिन्यांत रात्री रात्री ती दारामागच्या खुंटीवर लटकत होती आणि मी निवांत घोरत होतो. त्या वैतागात हा रिव्ह्यू लिहितोय, तेव्हा भाषा थोडी तिखट लागली तर समजून घ्या.

पाऊच का घेतला ते थोडक्यात, कारण इथे बहुतेकांना माहीत असणार. बटण न दाबता उघडणारी गाडी आपल्या चावीला १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हळूच हाक मारत असते, ती हाक जेमतेम एक-दीड मीटर जाते, आणि चावी त्याला ४३३ मेगाहर्ट्झवर (काही देशांत ३१५) उत्तर देते. चोर दोघे येतात. एक गाडीपाशी उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी नाहीतर भिंतीशी अँटेना धरतो, आणि ती हाक दोघं मिळून आतल्या चावीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटतं मालक शेजारीच उभाय. यात कोड फोडायची भानगडच नाही, कोड खराच असतो, खोटं असतं ते फक्त अंतर. आणि एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब गेली तरी गाडी बंद पडत नाही, भर रस्त्यात बंद पडू नये म्हणून कंपन्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय, नुसती पिरपिर करत राहते. हे काही कालपरवाचं नाही, २०११ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईटीएच झ्युरिक विद्यापीठाच्या लोकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेल तपासून पेपर काढला होता, दहाच्या दहा फसली होती. तरी त्यानंतर कित्येक वर्षं हेच तंत्र गाड्यांत येत राहिलं आणि आपण त्याचे पैसे मोजत राहिलो, त्यात मीही आलोच.

पहिले तीन-चार महिने मी या पाऊचचा भक्त होतो, खोटं कशाला बोलू. आल्या दिवशी टेस्ट घेतली, चावी आत टाकून गाडीला खेटून उभा राहिलो, हँडल ओढलं, काही नाही. चावी बाहेर काढली, टक्कन उघडली. परत आत, काही नाही. घरच्यांना, शेजारच्या काकांना, सगळ्यांना दाखवून झालं. काकांनी आपला पत्र्याचा डबा आणला, म्हणाले याने होत नाही का, तर झाकण घट्ट बसलं की त्यानेही होत होतं, झाकण जरा तिरकं राहिलं की गाडी उघडत होती. तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं काकांचा डबा बरा, निदान त्याला घडी नाही.

तक्रार एकच होती, वेल्क्रो. रात्री उशिरा घरी आलो आणि सवयीने पाऊच उघडून चावी नीट बसली का बघितलं की तो खर्रर्र आवाज सगळ्या घरभर. बायको आतून म्हणायची, "ठेवलास का झोपवून तिला?" असो, ती किरकोळ गोष्ट, चुंबकाचा फ्लॅपवाला घ्यायला हवा होता.

खरा विषय घडीचा आहे आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. या पाऊचचा फ्लॅप दुमडून बंद होतो, म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा तीच एक रेघ उघडते आणि मिटते. बाहेरून कापड एकदम नवं दिसतं, एक धागा सुटलेला नाही. हँडलवाल्या प्रकरणानंतर मी आतलं काळं अस्तर ब्लेडने उसवलं. खाली राखाडी, चकचकीत, धातूचा मुलामा दिलेलं कापड असतं, खरं काम तेच करतं. मल्टिमीटर बीपवर लावला (दोन पिनांमधून वीज जात असेल तरच वाजतो), दोन्ही पिना घडीच्या एकाच बाजूला टेकवल्या, बीप. मग एक पिन घडीच्या अलीकडे आणि एक पलीकडे, शांत. थोडं दाबलं की बीप, सोडलं की शांत. ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं धरलं तर रेघेवरचा मुलामा केसासारख्या चिरांनी तडकलेला दिसला, कडेला तर पूर्ण उडून खालचे साधे धागे दिसत होते. म्हणजे पिशवीला बरोबर तोंडापाशी एक लांबलचक फट पडली होती.

आणि फट लांब असणं हेच वाईट. आत चावी गप्प बसलेली असते असं आपल्याला वाटतं, तसं नसतंय. कमी फ्रिक्वेन्सीच्या त्या हाकेला असलं पातळ अस्तर फारसं अडवत नाही, हाक आत पोचते, अडायला हवं ते चावीचं उत्तर. त्या ४३३ मेगाहर्ट्झच्या उत्तराला बारीक टाचणीएवढी भोकं त्रास देत नाहीत, पण लांब चीर मिळाली की ते निघतं बाहेर. थोडक्यात काय तर पाऊचला दहा ठिकाणी सुई टोचली तरी चालेल, पण एक सरळ घडी तडकली की संपलं. आणि बनवणाऱ्याने ती घडी नेमकी तिथेच ठेवलीये.

मग विकणाऱ्याशी हुज्जत. आधी चॅटवर, "सर, वॉरंटी शिवणीवर आहे." मी म्हटलं शिवण घेऊन काय करू, शिवण माझी गाडी वाचवणारे का? "सर, पाऊच फाटला असेल तर फोटो पाठवा." फाटलेला नाही हीच तर तक्रार आहे ना. फोटोत सिग्नल कसा दाखवू. शेवटी व्हिडिओ काढला, बंद पाऊच हातात, दुसऱ्या हाताने हँडल, गाडी उघडते. तर उत्तर आलं की तुम्ही अस्तर कापलंय त्यामुळे वॉरंटी गेली. अहो, व्हिडिओ कापण्याआधीचा आहे की! पाच दिवस हेच चाललं. पैशापेक्षा डोक्याला ताप जास्त.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि एक तारा द्यायचं पक्कं केलं होतं. मग मधे एक गोष्ट झाली त्यामुळे रिव्ह्यूच फिरला.

गाडीतलं घड्याळ लावायला म्हणून गाडीचं मॅन्युअल काढलं (वेळ दहा मिनिटं पुढे पळत होती, महिनाभर टाळत होतो). पानं चाळताना चावीच्या भागात बॅटरी वाचवायचा मोड दिसला. लॉकचं बटण दाबून धरायचं आणि अनलॉक दोनदा दाबायचं, चावीवरचा छोटा दिवा चार वेळा लुकलुकतो आणि चावी ऐकणंच बंद करते. कुठलंही बटण दाबलं की परत जागी. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ही पद्धत आहे, बाकीच्यांची बटणं वेगळी किंवा सोयच नाही, आपापलं मॅन्युअल बघा. केलं, गाडीपाशी गेलो, उघडी चावी हँडलपासून वीतभर अंतरावर धरली. ढिम्म. पाऊच नाही, डबा नाही, काही नाही. नऊ महिने मी जे विकत घेऊन, टेस्ट करून, भांडून मिळवत होतो ते चावीत पहिल्या दिवसापासून फुकट बसलं होतं आणि मी मॅन्युअल प्लास्टिकमधून बाहेर काढलेलं नव्हतं. स्वतःवरच हसावं की रडावं.

तेव्हा पाऊचला एकावरून दोन तारे करतो, कारण अर्धा दोष माझाच. पूर्ण माफी नाही, कारण बायकोची चावी वेगळ्या बॅचची आहे की काय कोण जाणे, तिच्यावर तो दिवा लुकलुकतो कधी आणि नाही कधी, आणि रात्री झोपताना चावीची बटणं मोजत बसायला ती तयार नाही. तिच्या चावीला पाऊच लागणारच. बऱ्याच नव्या गाड्यांच्या चाव्यांमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, चावी थोडा वेळ निपचित पडली की आपोआप झोपते, ते या सगळ्यात शहाणपणाचं. त्याच्याही पुढचं म्हणजे अल्ट्रा वाइडबँड नावाचं रेडिओ तंत्र, त्यात गाडी सिग्नलला लागलेला वेळ मोजते, एका नॅनोसेकंदात रेडिओ लहर साधारण ३० सेंटिमीटरच जाते, त्यामुळे चोराने सिग्नल लांबून आणला की उशीर लपत नाही. पण माझी गाडी त्याआधीची आणि एवढ्यासाठी गाडी कोण बदलणार.

हे सगळं झाल्यावर जरा छाती फुगली होती, मग इयन टेबरची गोष्ट वाचली आणि हवा निघाली. हा माणूस स्वतः गाड्यांच्या सायबर सिक्युरिटीत काम करतो आणि २०२२ मध्ये लंडनमध्ये त्याचीच टोयोटा रॅव्ह ४ गेली. आधी त्याला बंपर ओढलेला आणि हेडलाइटची वायर सुटलेली दिसली, वाटलं कुणीतरी उगाच नासधूस केली. काही महिन्यांनी परत तेच, आणि मग एक दिवस गाडीच गायब. चोरांची युक्ती अशी: हेडलाइटला जाणाऱ्या वायरीतून गाडीच्या कॅन बसमध्ये (आतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात ती) शिरायचं आणि आतल्या यंत्रणेला थेट खोटा निरोप द्यायचा की चावी तपासली, बरोबर आहे. आतले कॉम्प्युटर एकमेकांवर आंधळा विश्वास ठेवतात. त्याने आणि गाड्यांच्या या नेटवर्कचा जाणकार केन टिंडेलने हे शोधून काढलं, टिंडेलने २०२३ मध्ये सविस्तर लिहिलं, ते यंत्र म्हणे जेबीएलच्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकतात, कुणी पकडलंच तर गाणी ऐकतोय म्हणायला. आता सांगा, यात पाऊच काय करणार? चावी समुद्राच्या तळाशी ठेवली तरी गाडी जाईल.

म्हणून स्टेअरिंगची काठी, चाक फिरू नये म्हणून कुलूप लावून अडकवतात ती. हो, तीच जुनी लोखंडी, पिवळी, लाज वाटते म्हणून मी डिकीत टाकून दिलेली. चार महिन्यांपासून रोज लावतोय. लावायला वीस सेकंद, काढायला वीस सेकंद, सकाळी घाईत कुलपाची चावी सापडत नाही तेव्हा दोन मिनिटं आणि दोन शिव्या. कापता येते, मान्य, पण कटर लावून आवाज करत बसायची वेळ चोरावर आणते, जी वेळ त्या स्पीकरने वाचवलेली असते. एवढी हायटेक चोरी आणि तिला आडवं कोण तर आजोबांच्या काळातला दांडा. बॅकअप म्हणून ओबीडी पोर्टवर (मेकॅनिक आपलं तपासणीचं यंत्र जोडतो ते सॉकेट) लोखंडी कुलूपही बसवलं, काच फोडून आत आलेल्याने नवीन चावी प्रोग्रॅम करू नये म्हणून. त्याचा अनुभव एवढाच की सर्व्हिसिंगला त्या कुलपाची चावी घरी विसरलो, मेकॅनिक माझ्याकडे बघत बसला आणि मी गाडी घेऊन परत आलो. वस्तू चांगली आहे, माझं डोकं नाही.

जाताजाता, ज्यांच्याकडे पाऊच आहे त्यांनी महिन्यातून एकदा गाडीशेजारी उभं राहून हँडलची टेस्ट घ्या, घरात बसून नाही, लांबून तर कुठलाही पाऊच पास होतो. आणि स्पेअर चावी विसरू नका, कपाटात पडलेली ती चावीसुद्धा हाक आली की ओ देते. माझी स्पेअर नऊ महिने उघडीच होती हे मला पाऊच उसवताना आठवलं.

ताजी खबर: विकणाऱ्याने काल न सांगता नवीन पाऊच पाठवला. तोच, तसाच, वेल्क्रोसकट, घडी त्याच जागी. बायकोच्या चावीला दिलाय, वर कागदावर तारीख लिहून चिकटवली, आणि फ्लॅप दुमडताना आत पेन्सिल ठेवतोय म्हणजे घडी करकचून बसणार नाही. ती विचारते ही पेन्सिल कशाला. तीन तारे.